कडक जमिनीत फिशिंगची छत्री रोवायची कशी? मुरमात टोकच जात नाही

वाघूरकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज विचारायची वेळ आली.

मी आणि आमचे अप्पा (वडील, वय 71) दर रविवारी वाघूर धरणाच्या बॅकवॉटरला गळ टाकायला जातो, कधीमधी हतनूरला. अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी उन्हात बसू नका म्हणून बजावून सांगितलंय, पण पाण्याकाठी बसणं हाच त्यांचा जीव, रिटायर झाल्यापासून ते एवढी एकच गोष्ट मागतात. म्हणून मुद्दाम 7 फुटी फिशिंगची छत्री ऑनलाईन मागवली. दांडा 25 मिमीचा, दोन तुकड्यांचा, खालच्या तुकड्याला टोक आहे, वरचा तुकडा त्याच्या तोंडात बसवून स्क्रूने आवळायचा, मान वाकवायची सोय पण आहे.

आता प्रॉब्लेम असा की मे महिना आहे, पाणी मागे सरलंय आणि काठाला जी जमीन उघडी पडलीये ती पिवळसर तांबूस मुरमाची, वरून भुसभुशीत दिसते पण बोटभर खाली गेलं की नुसतं लोखंड. दांडा फिरवून फिरवून दाबला, चार बोटं पण गेला नाही. मग दगडाने वरून ठोकला तर दांड्याचं तोंडच चेपलं, वरचा तुकडा त्यात बसेना, कानस मारून मारून कसाबसा बसवला. शेवटी बुडाशी दगड रचले आणि वाटलं झालं काम. साडेअकराच्या सुमाराला पश्चिमेकडून वाऱ्याचा एकच सपका आला आणि छत्री दगडं फेकून उचलली गेली, उलटी झाली आणि पाण्याकडे पळाली. जाताना ते टोक अप्पांच्या खांद्याला घासून गेलं. शर्ट फाटला, कातडीवर लाल रेघ उमटली. वीतभर वर असतं तर डोळा होता, आणि तोही ऑपरेशनचा.

अप्पा म्हणे काही झालं नाही रे, उन्हात बसतो मी, डोक्याला उपरणं आहे. पण तेव्हापासून माझं मन लागत नाहीये.

मला मुरमात छत्री पक्की कशी करायची ते सांगा, आणि हतनूरकडे काळ्या मातीत मोठमोठ्या भेगा पडल्यात तिथे काय करायचं तेही सांगा. माझ्याकडे बाईक आहे, कार नाही, त्यामुळे सामान बाईकवर मावेल असंच पाहिजे.

गिरणाकाठ_चाळीसगाव

भाऊ, वाचून काळजात धस्स झालं. अप्पांना सांभाळा.

पहिली गोष्ट, छत्रीच्या दांड्यावर यापुढे हातोडा, दगड काही पडू देऊ नका. तो पातळ पत्र्याचा पोकळ पाईप असतो, त्याचं टोक बाहेरदेशी ओल्या मऊ काठासाठी केलेलं, आपल्या मुरमासाठी नाही. मुरूम म्हणजे आपला काळा पाषाणच, उन्हापावसाने कुजून झालेला, त्यामुळे वरचा थर सुटा आणि खाली अर्धा कुजलेला दगड. त्यात भोक दुसऱ्या लोखंडाने पाडायचं, छत्रीने नाही.

मी गिरणा धरणावर बरीच वर्षं बसतोय, तिथेही हाच ताप. माझा जुगाड सांगतो. भंगारवाल्याकडून 25 मिमीची गुळगुळीत गोल सळई अडीच फूट कापून घेतली. या जाडीची सळई मीटरला साधारण 3.85 किलो भरते, म्हणजे तुमचा तुकडा 3 किलोच्या आत येतो. लोहाराकडून एका टोकाला निमुळती करून घ्या आणि टोकाला पाणी पाजून घ्या, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवून कडक करून घ्या, हे विसरू नका, पाणी न पाजलेलं टोक मुरमात दोन रविवारांत बोथट होतं. ही सळई दीड फूट जमिनीत ठोकायची, एक फूट वर ठेवायची. मग 1 इंची जीआय पाईपचा दोन फुटी तुकडा त्या वर राहिलेल्या सळईवर घालायचा. बी क्लास (मध्यम जाडीचा) घेतला तर आतलं माप 27 मिमीच्या आसपास असतं, सळई अलगद जाते. पाईपचा खालचा एक फूट सळईवर आणि वरचा एक फूट रिकामा, त्यात छत्रीचा दांडा सोडायचा. तुमचा दांडा पण 25 चाच, एकदम बसतो. पाईपला बाजूने भोक पाडून त्यावर नट वेल्ड करा आणि त्यात बोल्ट, म्हणजे दांडा आवळता येतो, गोल फिरत नाही आणि उचलला पण जात नाही. असाच एक बोल्ट खाली सळईसाठी. वेल्डिंगचं काम तेवढंच.

ठोकायची रीत पण आहे. आधी वरचा सुटा खडा पायाने सारून टाका, खालचा थर उघडा करा. दोन किलोचा घण असेल तर उत्तम, नाहीतर मोठा हातोडा. चार घाव घातले की सळई पान्याने थोडी फिरवायची, परत चार घाव, न फिरवता नुसतं ठोकत राहिलात तर मुरमाचा खडा टोकाशी अडतो आणि सळई वाकडी शिरते. अर्ध्यात अडली तर काढा, भोकात तांब्याभर पाणी ओता आणि पंधरा-वीस मिनिटं तोवर कणीक मळा, पेंड भिजवा. पाणी मुरमाच्या फटीत शिरतं आणि दुसऱ्या वेळी सळई जाते. तरीही ठण्ण आवाज येऊन हाताला झिणझिण्या आल्या तर खाली अखंड दगड आहे, हट्ट करू नका, दोन हात सरका. आवाजावरून कळतं, मुरूम असला की घाव खोल वाजतो, पाषाण असला की घंटेसारखा.

काळ्या मातीचं वेगळं. तिथे भेगांच्या मधली माती म्हणजे सुटी ढेपळं उभी केलेली असतात, दोन भेगांच्या मध्ये खुंटा ठोकला तर वाऱ्याने खुंटा निघत नाही, अख्खं ढेकूळ हलतं. म्हणून पाण्याच्या जवळ जा, जिथे हातभर खाली ओल लागते आणि भेगा बारीक आहेत तिथे रोवा, आणि दीड फुटावर थांबू नका, पावणेदोन-दोन जाऊ द्या. काळ्या मातीत पाणी मात्र ओतू नका, ती फुगते, चिकण होते आणि सळई भोकात लोण्यात रोवल्यासारखी डुलते.

फॅब्रिकेशन_भुसावळ

वरच्या दादांचा जुगाड चांगला आहे, मी असे दोन-तीन बनवून दिलेत गिऱ्हाईकांना. एक अडचण सांगतो जी पहिल्या दिवशी नाही कळत. घणाचे घाव खाऊन सळईचं डोकं पसरतं, छत्रीसारखं बाहेर येतं, मग त्यावर पाईप बसत नाही आणि बसलेला निघत नाही. म्हणून वरच्या टोकाला लेथवर आधीच उतार काढून घ्या, म्हणजे कड बारीक करून घ्या, घाव मधोमध बसतो आणि पसरायला जागा राहते. तरी थोडं पसरतंच, महिन्यातून एकदा ग्राइंडरवर कड मारायची. पसरलेली कड तशीच ठेवली तर घाव बसताना त्याची कपची उडते, ती गोळीसारखी जाते. ठोकताना डोळ्याला साधा चष्मा तरी लावाच, आणि अप्पांना पाच-सहा हात लांब बसवा.

आणि डोक्याच्या खाली दोन इंचावर 12 मिमीचं आरपार भोक मारून घ्या. संध्याकाळी सळई काढताना त्यात दुसरी सळई घालून फिरवली की जमीन सोडते. नाहीतर अंधारात घाम फुटतो.

मंडपवाला_पाचोरा

मंडळी मी मंडपाच्या धंद्यातला, माझं मत थोडं वेगळं आहे. सळई, पाईप सगळं करा, पण दांडा कितीही पक्का रोवला तरी छत्री वाऱ्याला धरते ती दोरीने. दांडा फक्त उभं राहायला. आमच्या मंडपाचे खांब कुठे जमिनीत गाडलेले असतात का? नुसते टेकवलेले असतात, सगळा जोर खुंट्या आणि दोऱ्यांवर.

हिशोब सांगतो. 7 फुटी छत्री वाऱ्याकडे तोंड करून ठेवली आणि 40 किलोमीटरच्या वेगाने वारा आला तर साधारण 30 ते 35 किलोची ओढ बसते. वारा दुप्पट झाला की ओढ दुप्पट नाही, चौपट होते. आता ही ओढ बसते वर, डोक्याच्या उंचीला, आणि तुमचं धरणं आहे खाली दीड फुटात, म्हणजे दांडा पहारीसारखं काम करतो आणि मुरूम उकरून काढतो. भाऊंची छत्री दगडं फेकून का गेली ते यातच आलं.

म्हणून तीन दोऱ्या बांधा. छत्रीच्या टोकाला वर, कापडाच्या बाहेर जो शेंडा असतो तिथे कडी घालून तिथून. दोन दोऱ्या वाऱ्याच्या बाजूला, फाकवून, आणि एक पाठीमागे. आपल्याकडे तापीच्या खोऱ्यात मे-जूनमध्ये वारा बहुतेक पश्चिमेचाच, म्हणजे दोन दोऱ्या पश्चिमेला. वळवाचं वादळ मात्र कुठूनही येतं म्हणून तिसरी दोरी सोडू नका. दोरी जमिनीशी साधारण 45 अंशात उतरली पाहिजे, जवळ बांधली तर ती फक्त वर ओढते.

खुंट्या 12 मिमीच्या सळईच्या, दीड फुटाच्या, वरून आकडा वळवलेल्या. ठोकताना खुंटीचं डोकं छत्रीपासून लांब झुकलेलं पाहिजे, पुष्कळ लोक उलटं करतात, डोकं छत्रीकडे, मग दोरी ओढली की खुंटी सरळ बाहेर. आणि दोरी खुंटीच्या डोक्याला नाही, जमिनीलगत बांधायची. वर बांधली की परत तीच पहार.

जमीन इतकी कडक असेल की खुंटी सात-आठ इंचच गेली, तर एकीच्या मागे हातभर अंतरावर दुसरी ठोका आणि पहिलीच्या डोक्यापासून दुसरीच्या बुडाला दोरी ताणून बांधा. आम्ही डांबरी रस्त्यावर गणपतीचा मंडप टाकताना हेच करतो, दोन अर्ध्या खुंट्या मिळून एकट्या अर्ध्या खुंटीपेक्षा जास्त धरतात. सरकगाठ शिकून घ्या, तासाभराने ताण बघा, नायलॉन ओलं झालं की सैल पडतं. दोरीला लाल फडक्याची पट्टी बांधा, अप्पा उठताना पाय अडकायला नको.

आणि निघताना प्रत्येक खुंटी मोजून काढा. पाणी उतरलं की त्याच जागेवर लोक गाळपेर करतात (उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात), ढोरं चरतात, राहिलेली खुंटी कोणाच्या तरी बैलाच्या खुरात जाते.

शहादा_तापीकाठ

मंडपवाले भाऊ बरोबर बोलले. आमच्या सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोडे येतात, त्यांची अगाडी-पिछाडी कशी बांधतात बघा, पुढून दोन दोऱ्या फाकवून दोन खुंट्यांना. एकाच खुंट्याला बांधलं तर घोडा उधळला की खुंट्यासकट जातो. छत्रीचं पण तेच. आमना आबा सांगेत, जमीन दखीसन खुटा ठोक भो (जमीन बघून खुंटा ठोक).

बाईकवाल्यांसाठी माझी युक्ती. कांद्याच्या जाळीच्या रिकाम्या गोण्या चार घडी करून डिकीत टाकतो, वजन काहीच नाही. जागेवर गेलो की त्यात काठावरचेच दगडगोटे भरायचे आणि दोरीच्या टोकाला बांधायचे, जिथे खुंटी जाणारच नाही तिथे. आमच्याकडे नंदुरबार-साक्रीच्या बाजूला काळ्या दगडाच्या भिंतीसारख्या रांगा जातात, तिथे तलावाच्या काठाला अखंड खडक, सळई-बिळई काही चालत नाही. तिथे 20 लिटरचे दोन कॅन पण नेतो, जाताना रिकामे, तिथे पाण्याने भरले की एकेक 20 किलोचा. एक दांड्याच्या बुडाला, एक वाऱ्याच्या दोरीला. फक्त गोणी जमिनीवर टेकलेली ठेवा, लटकवू नका, लटकलेली झुलते आणि दांडाच हलवते. आणि गुळगुळीत खडकावर गोणी घसरते, तिला एखाद्या खाचेत नाहीतर उंचवट्याच्या मागे अडकवा.

एवढं करून खूप वारा असेल तर छत्री उभी ठेवूच नका. दांडा लहान करा, छत्री आडवी करा, पाठ वाऱ्याकडे आणि कड जमिनीला टेकवून काड्यांच्या टोकांना खुंट्या मारा, अर्ध्या तंबूसारखं होतं. वारा वरून निघून जातो. सावली कमी पडते पण माणूस निवांत बसतो.

भोईवाडा_हतनूर

मी मासेमारी करणाऱ्या घरातला, आमच्या लोकांची संस्था आहे, ठेका असतो. गळवाल्यांशी आमचं भांडण नाही, पण येताना संस्थेला विचारून या आणि जाळं लावलेलं असेल तिथून लांब बसा, एवढंच.

छत्रीबद्दल मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. धरणाच्या मातीच्या भिंतीवर किंवा दगडी पिचिंगमध्ये सळई, खुंटी, पहार काहीही ठोकू नका. मी डोळ्याने बघितलंय, पिचिंगचा दगड उचकटून त्याच्या फटीत छत्री खोचलेली. तो दगड लाटांपासून मातीला वाचवायला ठेवलेला असतो, एक निघाला की शेजारचा सैल होतो, लाट मागची माती चाटायला लागते. आणि मातीच्या भिंतीत भोक पाडलं की पावसाचं पाणी त्यात शिरतं. खाली शेकडो गावं आहेत. भिंतीपासून लांब, बॅकवॉटरच्या मोकळ्या काठावर काय ते करा.

दुसरं, सध्या दुपारनंतर सातपुड्याकडून ढग चढतात. गडगडाट कानावर आला की लगेच छत्री मिटवा आणि गळाचा कार्बनचा रॉड जमिनीवर आडवा ठेवा. कार्बनमधून वीज जाते. मोकळ्या काठावर तुमची छत्रीच सगळ्यात उंच असते आणि आता तर तुम्ही तिच्याखाली लोखंडी सळई पण ठोकणार. बाभळीखाली जाऊ नका, पक्क्या घरात नाहीतर गाडीत बसा, बाईकवर असाल तर पहिला गडगडाट ऐकताच गाव गाठा. वरून विजेची तार जात असेल तिथे तर रॉड उभाच करू नका.

वाघूरकाठ (जळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जाऊन आलो, लगेच लिहितो.

सळई आणि पाईप शनिवारी बनवून घेतलं. फॅब्रिकेशनवाल्या भाऊंनी सांगितलं तसं डोक्याला उतार आणि आरपार भोक, टोकाला पाणी पाजलं. सगळं मिळून साडेचार किलोच्या आसपास भरलं, पोत्यात गुंडाळून बाईकच्या बाजूला बांधलं, काही त्रास नाही. मंडपवाल्या दादांच्या खुंट्या सहा केल्या.

पहिल्या जागेवर दहा इंचावर घंटा वाजली. हट्ट नाही केला, सरकलो. दुसऱ्या जागेवर अकरा-बारा इंच गेली आणि अडली, काढून पाणी ओतलं. पाणी भोकात उभं राहिलं, मला वाटलं मुरतच नाही, पण अप्पा वाकून बघत होते, ते म्हणाले बारीक बुडबुडे येताहेत बघ, म्हणजे उतरतंय. वीस मिनिटांनी ठोकली तर दीड फूट सरळ गेली. पश्चिमेच्या दोन्ही दोऱ्यांना जोडखुंट्या मारल्या कारण तिथे आठ इंचाच्या पुढे काही जाईना.

अकरानंतर वारा आला, गेल्या वेळेसारखाच, जास्तच असेल. छत्रीचं कापड फडफडलं, दोरी वाजली, पण पाईप हलला नाही. मी उठून पाईपला हात लावून बघितलं, आतून थरथर लागत होती तेवढीच. पाठीमागची दोरी सैल होती, ती ताणली. अप्पा दीड वाजेपर्यंत बसले, दोन मृगळ लागले, एक मोठा रोहू काठाशी येऊन सुटला. मग त्यांनी तिथेच सतरंजीवर डुलकी काढली, गेल्या उन्हाळ्यापासून हे झालं नव्हतं.

एक अडलं. काढताना सळई फिरली पण वर येईना, भोकात दुसरी सळई घालून दोन्ही हातांनी उपसली तेव्हा निघाली, कंबर धरली थोडी. यावर काही आहे का?

गिरणाकाठ_चाळीसगाव

आहे ना. निघायच्या आधी अर्धा तास सळईच्या बुडाशी परत तांब्याभर पाणी सोडायचं आणि चारही बाजूंनी हातोड्याने आडवे हलके घाव घालायचे, भोक थोडं मोठं होतं. मग आरपार भोकातल्या सळईच्या एका टोकाखाली दगड ठेवा आणि दुसरं टोक उचला, कंबरेने नाही ओढायचं, दगडाच्या टेकूने उचलायचं. आणि रिकामं भोक मुरमाने बुजवून पायाने दाबून या. रोहू कशावर आला होता, कणकेवर की पेंडीवर?

वाघूरकाठ (जळगाव)

शेंगदाण्याच्या पेंडीवर, थोडं बेसन घातलं होतं. गोळा अप्पांनी मळला होता.